इंजिन युक्रेनचं, तेल रशियाचं, चुंबक चीनचं

२५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई बंदराबाहेर ‘केम प्लुटो’ नावाचा टँकर नांगर टाकून उभा राहिला. दोन दिवसांपूर्वी सौदी अरेबियातल्या जुबैलहून मंगळूरला तेल घेऊन येताना, गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशेएक सागरी मैलांवर, त्याच्यावर ड्रोन येऊन आदळला होता. झेंडा लायबेरियाचा, मालक जपानी, खलाशी एकवीस भारतीय आणि एक व्हिएतनामी. ड्रोन इराणातून सुटला, असं अमेरिकेचं म्हणणं. इराणने ते साफ नाकारलं. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने जहाजाला सोबत करत मुंबईला आणलं आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी ते तपासायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस इम्फाळ’ ही विनाशिका नौदलात दाखल झाली. समारंभ आधीच ठरलेला होता, योग आपसूक जुळून आला. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिथेच बजावलं की, हल्लेखोर समुद्राच्या तळाशी असले तरी शोधून काढू. सगळ्या वर्तमानपत्रांचा मथळा तोच होता. मला त्या वाक्यापेक्षा ते जिच्या साक्षीने बोललं गेलं त्या इम्फाळमध्ये जास्त रस आहे.

इम्फाळ १६३ मीटर लांब आहे आणि तिचं वजन ७,४०० टन. बांधली माझगाव डॉकने, म्हणजे लालबाग-परळच्या कुशीत वाढलेल्या कामगारांच्या गोदीने. युद्धनौकेचं खास पोलादही आता आपल्याकडेच बनतं. एके काळी त्यासाठी रशियाच्या तोंडाकडे बघावं लागे. जहाज ७५ टक्के स्वदेशी आहे असं सरकार सांगतं, आणि ही कामगिरी खरोखर मोठी आहे. पण उरलेल्या पावात काय काय येतं ते बघा. जहाज चालवणारी गॅस टर्बाइन्स युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या झोर्या-मशप्रोएक्ट कारखान्याची. आकाशावर नजर ठेवणारं रडार मूळ इस्रायलचं. विमानं पाडणारं बराक-८ इस्रायलच्या भागीदारीतलं. शत्रूची जहाजं बुडवणारं ब्राह्मोस रशियाच्या भागीदारीतलं. म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांशी आपलं बरं असेल तरच हे जहाज धक्क्यावरून हलणार आणि त्याचं अस्त्र सुटणार.

याहून अजब गोष्ट ‘तुशील’ आणि ‘तमाल’ या दोन फ्रिगेट्सची आहे. त्या बांधल्या रशियातल्या कॅलिनिनग्राडच्या यांतर गोदीत. पण या वर्गाच्या जहाजांना लागणारी टर्बाइन्स झोर्याचीच, आणि २०१४ साली क्रिमिया गिळल्यावर युक्रेनने रशियाला इंजिनं देणं बंद केलेलं. मग ती इंजिनं भारताने युक्रेनकडून स्वतः विकत घेतली आणि रशियन गोदीला नेऊन दिली. पुढे तर दोघांत उघड युद्ध पेटलं. तरीही युक्रेनची इंजिनं पोटात घेऊन रशियात बांधलेली तुशील डिसेंबर २०२४ मध्ये आणि तमाल जुलै २०२५ मध्ये भारतीय नौदलात आली. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला हे साधलं असतं असं वाटत नाही.

याला कुणी मुत्सद्देगिरी म्हणतं, कुणी संधिसाधूपणा. माझ्या मते ही एक जुनी, कमावलेली सवय आहे. एकाच वाण्याकडे खातं ठेवलं की तो कधीतरी अडवतो. म्हणून चार दुकानांत थोडीथोडी उधारी ठेवायची. आपल्या सुरक्षा धोरणाचा कणा हाच आहे. स्वावलंबन हा भाषणाचा विषय. व्यवहारात आपण अवलंबून राहणं संपवलं नाही, ते वाटून टाकलं. आणि बहुतेक वेळा ते शहाणपणाचं ठरलं.

हा धडा आपण शिकलो तो तारापूरला.

पालघर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या ठाण्यातल्या) या गावात १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र सुरू झालं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते बांधून हातात दिलं. १९६३ चा करार तीस वर्षांचा होता. त्या अणुभट्ट्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिका देणार आणि भारत ते फक्त विजेसाठी वापरणार, असं त्यात ठरलेलं. होमी भाभांना हे केंद्र झटपट हवं होतं. अणुवीज परवडते, हे दिल्लीला दाखवून द्यायचं होतं. स्वतःचं तंत्रज्ञान तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

मे १९७४ मध्ये पोखरणला पहिली अणुचाचणी झाली. तिचा तारापूरच्या इंधनाशी काही संबंध नव्हता, पण वॉशिंग्टनमध्ये त्याला कोण विचारतो? अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि जुना करार त्यात बसेना. इंधनाची एकेक खेप राजकीय तमाशाचा विषय झाली. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन सोडायचं ठरवलं, तर सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसंबसं तरलं. मुंबई-गुजरातची वीज दोन सिनेटरांच्या हातावर तोलली गेली होती. अखेर १९८२ मध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या तेव्हा तोडगा निघाला : अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. १९९३ मध्ये तीस वर्षं भरली, फ्रान्स बाजूला झाला. मग १९९५ मध्ये चीनने दिलं. होय, चीनने. त्यानंतर २००१ मध्ये रशियाने. एकाच जागच्या दोन अणुभट्ट्यांना चार देशांनी आळीपाळीने इंधन पुरवल्याचं असं दुसरं उदाहरण विरळा.

दरम्यान आपण नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांची वाट धरली. त्यांना समृद्ध युरेनियमची गरज नसते. तारापूरलाच ५४० मेगावॅटच्या तशा दोन उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. राष्ट्राच्या इंधनसुरक्षेचा हिशेब मांडताना ही नावं सहसा येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो. तंत्रज्ञान नाकारलं की आपण ते बनवतो, या सिद्धांताचा आणखी एक पुरावा पुण्यात आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकलीय की नाकारलं जाणं जणू फायद्याचंच, असं वाटू लागतं. तसं नाही. तारापूरच्या अणुभट्ट्या वर्षानुवर्षं कमी क्षमतेने चालल्या, इंधन पुरवून पुरवून वापरावं लागलं.

तेलाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेल नाकारलं गेलं तर ते बनवता येत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये, म्हणजे अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केल्यानंतर काही आठवड्यांतच, मुंबईपासून १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. हे जहाज जपानमध्ये बांधलेलं. त्याआधीची भूकंपलहरींची पाहणी सोव्हिएत जहाजाने केलेली. (इथेही दोन दुकानं.) बॉम्बे हाय या तेलक्षेत्राने उरणचा कायापालट केला हे सगळ्यांना ठाऊक आहे. तटरक्षक दलाच्या जन्मामागेही तेच होतं, हे फारसं बोललं जात नाही. भर समुद्रात इतकी मोठी मालमत्ता उभी राहतेय, दुसरीकडे कोकण किनाऱ्यावर सोन्याची आणि घड्याळांची तस्करी बोकाळलीय, आणि या दोन्हींसाठी लढाऊ नौदल जुंपणं म्हणजे उधळपट्टी. हा पेच सोडवायला के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रुस्तमजी आपल्या कामठीचे. सीमा सुरक्षा दलही त्यांनीच उभं केलं होतं. त्यांच्या शिफारशीवरून १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट्स आणि पाच गस्ती नौका घेऊन नव्या दलाची तात्पुरती सुरुवात झाली. ‘केम प्लुटो’ला मुंबईत घेऊन आलेली ‘विक्रम’ ही त्याच दलाची.

बॉम्बे हाय मिळालं तरी तहान वाढतच गेली. आज आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलात तर लेण्यांकडे लक्ष लागण्याआधी डावीकडे जवाहर द्वीप दिसतं, ज्याला जुने लोक अजून बुचर आयलंड म्हणतात. पर्यटक तिकडे पाठ करून सेल्फी काढतात. त्या बेटावरच्या धक्क्यांना टँकर लागतात, समुद्राखालच्या नळांतून तेल माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं, आणि गाडीत पेट्रोल भरताना आपल्याला यातलं काही आठवत नाही. आठवावं लागलं १९९० साली.

ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि काही आठवड्यांत तेलाचा भाव दुपटीवर गेला. इराक आणि कुवेत हे दोघेही आपले तेलपुरवठादार. शिवाय तिथे असलेल्या भारतीयांकडून होणारी पैशांची आवक बंद. एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त माणसं आणली, त्यातली बहुतेक मुंबईला उतरली. त्यांना आणता यावं म्हणून परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने मारलेली मिठी त्यांना आयुष्यभर पुरली. जानेवारी १९९१ पर्यंत परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्याच जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १.८ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आणि त्याच जानेवारीत, फिलिपिन्सहून आखाती युद्धाकडे निघालेल्या अमेरिकी लष्करी मालवाहू विमानांना मुंबईत इंधन भरायची परवानगी चंद्रशेखर सरकारने दिली. अलिप्ततेची शपथ घेतलेल्या देशाच्या विमानतळावर! राजीव गांधींनी आवाज उठवला, फेब्रुवारीत ती सवलत बंद झाली. या तारखा शेजारीशेजारी आहेत. वाचकाने काय ते समजावं. त्याच वर्षी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं तारण म्हणून मुंबईहून परदेशी गेलं. सोन्याच्या त्या प्रवासाची हळहळ आपल्याकडे अजून ऐकू येते. विमानांच्या इंधनाची कुणाला आठवणही नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला तीच घटना मोठी वाटते. तेलाचं बिल थकलं आणि परराष्ट्र धोरणाची चौकट काही आठवडे वाकली, असा तिचा अर्थ होतो.

यावरचा उपाय दिल्लीला माहीत होता : साठा. पण त्याची कल्पना मांडायला १९९८ उजाडावं लागलं आणि प्रत्यक्षात यायला आणखी दोन दशकं गेली. आज विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचं पाडूर इथे खडकात खोदलेल्या गुहांत मिळून ५३.३ लाख टन तेल मावतं. गुहांना आतून अस्तर नसतं. भोवतीच्या खडकात पाण्याचा दाब ठेवतात आणि तो दाबच तेलाला बाहेर झिरपू देत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये जग घरात बसलेलं असताना तेल मातीमोल झालं, तेव्हा पिंपामागे सरासरी १९ डॉलर दराने आपण त्या गुहा काठोकाठ भरल्या आणि सुमारे ५,००० कोटी रुपये वाचवले. हा निर्णय दाद देण्यासारखाच होता. पण या गुहा भरलेल्या असल्या तरी देशाची गरज जेमतेम साडेनऊ दिवस भागते. तेल कंपन्यांचा स्वतःचा साठा धरला तर गोळाबेरीज ७४ दिवसांवर जाते. त्यातला बराचसा चालू वापरातला असल्याने त्याला राखीव म्हणणं थोडं धाडसाचं आहे.

कोकणात नाणार, मग बारसू, इथे होऊ घातलेल्या महाकाय रिफायनरीचं समर्थनही ऊर्जासुरक्षेच्याच नावाने झालं. २०१८ च्या बेतानुसार त्यातला निम्मा वाटा सौदीच्या अरामको आणि अबुधाबीच्या अडनॉककडे जायचा होता. म्हणजे त्यांना पक्कं गिऱ्हाईक मिळणार होतं. आपल्याला सुरक्षा किती मिळणार होती, हा प्रश्न सड्यावर आंदोलनाला बसलेल्या बायकांनी वेगळ्या शब्दांत विचारला होता, आणि त्याचं नीट उत्तर कुणी दिलं नाही.

आता रशिया. २०२२ च्या फेब्रुवारीपूर्वी आपल्या तेलआयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता. युद्धानंतर युरोपने तोंड फिरवलं, रशियाने सूट दिली, आणि २०२४ मध्ये वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. चार दुकानांच्या सवयीला हे धरूनच होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणचं दुकान आपण बंद केलं होतं, आता नवं उघडलं. गंमत अशी की हे अमेरिकेला तेव्हा चालत होतं. रशियाचं तेल ठरलेल्या मर्यादेखालच्या दराने कुणीतरी घ्यावं आणि जगात भाव भडकू नये, ही आमचीच योजना होती, असं त्यांचे राजदूत एरिक गार्सेटी २०२४ मध्ये उघडपणे बोलले. त्यानंतर सव्वा वर्षात वारं फिरलं. ७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क लागलं, आणि २७ ऑगस्टला रशियन तेलाची शिक्षा म्हणून वर आणखी २५. तेल माहुल आणि जामनगरमध्ये शुद्ध होतं. दंड बसला अंधेरीच्या सीप्झमध्ये हिरे जडवणाऱ्या कारागिराला, ज्याचा माल मुख्यतः अमेरिकेला जातो. विकत घेणारा एक आणि शिक्षा भोगणारा दुसरा, असं झालं की ‘राष्ट्रहित’ नेमकं कुणाचं ते तपासून बघावं लागतं.

त्याच पावसाळ्यात वाडीनारला जे घडलं ते मला शुल्कापेक्षा गंभीर वाटतं. गुजरातमधली नायरा एनर्जीची ही रिफायनरी वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करते. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा आहे. १८ जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. चारेक दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीची ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या. भारताच्या भूमीवरची, भारतीय कायद्याने चालणारी, देशाच्या शुद्धीकरण क्षमतेतला सुमारे आठ टक्के भार उचलणारी रिफायनरी, युरोपचा नियम भारतावर लागू नाही, मायक्रोसॉफ्ट अमेरिकी, तरी कर्मचाऱ्यांची ईमेल उघडेनात. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. एकही गोळी न झाडता, एकही जहाज न अडवता हे झालं. आता आपल्या बँका, वीजमंडळं आणि बंदरं कुणाच्या सर्व्हरवर चालतात, याची यादी कुणीतरी करत असेल अशी आशा आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचे दिवे गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा चिनी हॅकर्सचा संशय राज्य सरकारने बोलून दाखवला आणि केंद्राने मानवी चूक म्हणून तो फेटाळला. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले.

इथवरच्या सगळ्या गोष्टींत दुसरं दुकान होतं. चुंबकात ते नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृद्धातू आणि त्यांच्यापासूनच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यांत डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधलं निओडिमियमचं चुंबक तापलं की शक्ती गमावतं. हे दोन धातू चिमूटभर मिसळले की ते टिकतं. जगातली सुमारे ९० टक्के चुंबकं चीनमध्ये बनतात. जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी सांगितलं की इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ऑगस्ट हा शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो. नंतर थोडा पुरवठा झाला आणि आकुर्डीची चेतक स्कूटर वाचली. पण त्यासाठीची पद्धत पाहण्यासारखी आहे. हे चुंबक लष्करी कामाला वापरणार नाही, असं कंपनीने लिहून द्यायचं. भारत सरकारने त्यावर शिक्कामोर्तब करायचं. मग कागद चिनी वकिलातीतून पुढे बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयात. शांततामय वापराची हमी १९६३ साली आपण अमेरिकेला युरेनियमसाठी दिली होती, आता स्कूटरसाठी चीनला देतोय.

याला चीनइतकेच आपणही जबाबदार आहोत. दुर्मिळ मृदा आपल्याकडे भरपूर आहेत, साठ्यांत भारत जगात तिसरा. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट मिळतं. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० ची आहे, तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला. आळुव्याचा कारखाना १९५२ चा. चीन या धंद्यात उतरला नव्हता तेव्हा आपण हे धातू वेगळे करत होतो. पण मोनाझाइटमध्ये थोरियम असतं आणि भाभांच्या त्रिस्तरीय योजनेत थोरियम म्हणजे उद्याचं इंधन. साहजिकच ती वाळू अणुऊर्जा खात्याच्या कुलपात गेली. हवं होतं ते थोरियम, बाकीचे धातू हा जोडमाल. खासगी कंपन्यांना दार बंद. २०२३ मध्ये विशाखापट्टणमला वर्षाला तीन टनांचा चुंबक कारखाना सुरू झाला, तोही समेरियम-कोबाल्टचा, संरक्षण आणि अणुकार्यक्रमासाठी. स्कूटरचं चुंबक कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. एका जमान्याच्या सुरक्षेने पुढच्या जमान्याची असुरक्षा तयार केली, आणि यात कुणाचा हलगर्जीपणाही नाही; प्रत्येकाने आपलं काम चोखच केलं. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने इंडियन रेअर अर्थ्सला जपानकडे जाणारा माल थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. पण थांबवलेल्या त्या मालाचं चुंबक करणारा कारखाना इथे होता कुठे?

झोर्याच्या बाबतीत पुण्याच्या भारत फोर्जने निदान वाट शोधली, त्या कंपनीच्या भारतीय शाखेत ५१ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. चुंबकात असा हिस्सा विकणारा कुणी नाही. धातू वेगळे करणं हे घाणेरडं, आम्लाचं, कमी नफ्याचं काम आहे, आणि चीनने ते तीस वर्षं तोट्यातही केलं. जपानला हा झटका २०१० मध्येच बसला होता. सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मच्छीमार कप्तानाला अटक झाली आणि दुर्मिळ मृदांच्या खेपा थांबल्या. जपानने लगोलग ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे ओतले, साठे केले, कमी डिस्प्रोशियम लागणाऱ्या मोटरी बनवल्या. पंधरा वर्षांनंतर जपानचं चीनवरचं अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० वर आलंय. आपल्याकडे चुंबकनिर्मितीला अनुदान देण्याची योजना दिल्लीत मंजूर व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. ती मंजूर झाली तरी पहिलं देशी चुंबक मोटरीत बसेपर्यंत काही वर्षं जातील, आणि तोवर आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांना ते हमीपत्र दर खेपेला नव्याने भरावं लागेल.